दोन मिनिटांचं धुकं

दवाखान्यात बाळाला नेब्युलायझर लावला की घरी आल्यावर आई सांगते, "डॉक्टरांनी वाफ दिली." शब्द रुळलाय, एरवी मी त्यावरून भांडत नाही. आज मात्र भांडणार आहे. वाफेबरोबर मीठ जात नाही, मागे भांड्यात राहतं. नेब्युलायझरमधून निघतं ते बारीक थेंबांचं धुकं, आणि थेंबात जे विरघळलंय ते थेंबाबरोबर फुप्फुसात पोचतं. औषध पोचतं, तशी घरातल्या धुळीतल्या किड्यांची प्रथिनंही पोचतात. संशोधक ती मुद्दाम देतात, दमा उठवून त्यावर नवं औषध पारखायला.

हा उद्योग स्वतःवरच केलेले एक डॉक्टर होते, रॉजर अल्टूनियन. जन्म सीरियातल्या अलेप्पोचा, नोकरी इंग्लंडमधल्या औषध कंपनीत. स्वतः दमेकरी, आणि गिनी पिगच्या केसांचं वावडं. त्यांनी त्या केसांचाच अर्क काढला, त्याचं धुकं ओढलं आणि आधी घेतलेलं नवं रसायन दम्याला अडवतं का, हे आपल्याच श्वासावर मोजलं. एकदा नव्हे, वर्षानुवर्षं. त्यातून 1965 मध्ये क्रोमोग्लिकेट हे दमा आधीच अडवणारं औषध हाती लागलं. छातीठोक काम, अगदी शब्दशः! पण एका माणसाच्या छातीवर निघालेला आकडा दुसऱ्या गावच्या प्रयोगशाळेने कशाशी ताडून बघायचा? त्यासाठी आधी धुकंच मोजावं लागतं.

ती शिस्त मुख्यतः कॅनडातल्या हॅमिल्टनच्या मॅकमास्टर विद्यापीठात बसली. यंत्र राइट नेब्युलायझर. फुंकरीचा जोर मोजणारा पीक फ्लो मीटर बनवणारे मार्टिन राइट, त्यांचंच. नियम असा: मिनिटाला 0.13 मिलिलिटर धुकं, दोन मिनिटं, शांत श्वास. सुरुवात अगदी पातळ द्रावणाने, मग दर पायरीला तीव्रता दुप्पट. प्रत्येक वेळी दहा मिनिटांनी जोरात फुंकायचं. पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा 20 टक्क्यांनी घटली की थांबायचं.

आता हे 0.13 ठरवतात कसं, ते बघा. नेब्युलायझरचा द्रावण भरलेला कप तराजूवर ठेवायचा, दोन मिनिटं हवा सोडायची, परत तराजूवर. जेवढं वजन घटलं तेवढं धुकं निघालं, असा हिशेब. मेख इथेच आहे. चाललेला कप हातात घ्या, माठासारखा गार लागतो. म्हणजे कोरडी हवा पाणीही उडवून नेतेय. घटलेल्या वजनातला काही भाग नुसता ओलावा असतो. ॲलर्जन, म्हणजे ॲलर्जी उठवणारं ते प्रथिन, मागे राहतं आणि उरलेलं द्रावण दाट होत जातं. तरीही सगळे तोच कप, तोच दाब वापरत राहिले, म्हणून आकडे एकमेकांशी जुळत राहिले. मला हे थोडं गमतीचं वाटतं: चूक सगळ्यांची सारखी असली की तिचंच माप होतं. त्या मापाच्या भरवशावर थोड्या माणसांत औषध पारखता येतं. टेझेपेलुमॅब या दम्याच्या औषधाची कसोटी 2014 मध्ये 31 सौम्य दमेकऱ्यांवर अशीच लागली. लगेचचा आणि उशिराचा, दोन्ही झटके कमी झाले.

उशिराचा झटका म्हणजे तीन ते सात तासांनी छाती पुन्हा आवळते तो. म्हणूनच माणसाला दिवसभर बसवून ठेवतात.

राइटचा कप आता सहज मिळत नाही. नव्या मेश नेब्युलायझरमध्ये हवेचा झोत नाही. सूक्ष्म भोकांची चकती सेकंदाला लाखाहून जास्त वेळा थरथरते. गारठा कमी, तळाशी उरणारं द्रावण कमी. पण त्याच दोन मिनिटांत छातीत जाणारा माल कितीतरी वाढतो. दुप्पट-दुप्पट चढायच्या जिन्यावर एकदम तीन पायऱ्या गाळल्यासारखं. त्यामुळे यंत्र बदललं की वेळ आणि द्रावण दोन्ही नव्याने बसवावं लागतं. मेथाकोलिन या श्वासनळ्या आवळणाऱ्या रसायनाच्या चाचणीत 2017 पासून तीव्रतेऐवजी प्रत्यक्ष पोचलेली मात्रा मोजायला सांगतात, ते याचसाठी.

मागून एका ताईंनी विचारलंय, मुलाची ॲलर्जी अशी तपासून मिळेल का? नाही. त्याला हातावर टोचून करायची चाचणी आहे. हे धुकं संशोधनापुरतं, सौम्य दमा असलेल्या आणि सगळं समजून सही केलेल्या मोठ्या माणसांसाठी, तेही डॉक्टर आणि इंजेक्शन शेजारी असताना.