पिट्सबर्गचे मेजर डेव्हिस

नमस्कार मंडळी!

आपला उन्हाळी मेळावा दरवर्षी मेमोरियल डेच्या सुट्टीला जोडून असतो. ही सुट्टी कसली, असं यंदा नातवानं विचारलं आणि माझी पंचाईत झाली. मग शोधत बसलो, तर आपल्याच पिट्सबर्गमधले एक गृहस्थ भेटले: मेजर ऑगस्टस प्लमर डेव्हिस.

जन्म १८३५चा, मेन राज्यातल्या गार्डिनरचा. अमेरिकेच्या यादवी युद्धात ते युनियनच्या, म्हणजे उत्तरेकडच्या सरकारच्या, बाजूनं होते. त्या बाजूच्या माजी सैनिकांनी १८६६ मध्ये ‘ग्रँड आर्मी ऑफ द रिपब्लिक’ काढली. ३० मे रोजी युद्धात पडलेल्या सैनिकांच्या कबरींवर फुलं वाहा, हा १८६८चा आदेश तिचेच प्रमुख जॉन लोगन यांचा; मेमोरियल डे त्यातूनच आला. १८९०च्या सुमारास सभासद चार लाखांवर. पेन्शनचा प्रश्न आला की वॉशिंग्टनमधले पुढारी या म्हाताऱ्यांना वचकून असत!

पण सभासद व्हायचं तर युद्धात नोकरी केलेली हवी. म्हणजे नवी भरती बंद. संस्था सभासदांबरोबरच थकणार, हे उघड होतं.

डेव्हिस तेव्हा ४६ वर्षांचे. नोव्हेंबर १८८१ मध्ये त्यांनी इथे सैनिकांच्या मुलांना जमवून ‘सन्स ऑफ व्हेटरन्स’ची पहिली शाखा काढली. शाखेला ते ‘कॅम्प’ म्हणत. फिलाडेल्फियातही तसे प्रयत्न चालू होते, पण मला डेव्हिस भावले. स्वतः बापांच्या पिढीतले. तरी पोरांना आपल्या सभेत खुर्च्या मांडायला बोलावलं नाही, त्यांची वेगळी संस्था उभी करून दिली.

१८९९ मध्ये ते गेले. ग्रँड आर्मीचे शेवटचे सभासद, ढोल वाजवणारा पोरगा म्हणून भरती झालेले अल्बर्ट वूल्सन, १९५६ मध्ये मिनेसोटातल्या डुलुथला वारले आणि ती संस्था संपली. मुलांची संस्था मात्र टिकली; १९२५ मध्ये तिचं नाव ‘सन्स ऑफ युनियन व्हेटरन्स ऑफ द सिव्हिल वॉर’ झालं. दर नोव्हेंबरात गेटिसबर्गला, त्या युद्धातल्या मोठ्या लढाईच्या गावी, तिचं संचलन निघतं. (आणि एका सैनिकाच्या मुलीला २०२० पर्यंत दरमहा ७३ डॉलर १३ सेंट पेन्शन मिळत होती. युद्ध संपलं होतं १८६५ला!)

आता आपलं. आपली मुलं मोदकापुरती येतात, अशी कुरकुर आपण करतो. मीही करतो. जेवणानंतर सर्वसाधारण सभा आहे. युवा समितीला स्वतःचा अध्यक्ष आणि स्वतःचं बँक खातं द्यावं, असा ठराव मी मांडणार आहे. अनुमोदक हवाय. श्रीखंड संपायच्या आत सांगा.