फाइल समोर आहे, मग ती ‘सापडत नाही’ असे का?

नमस्कार. टेबलावर दिसतो आहे तो बीगलबोन ब्लॅक, एआरएम प्रोसेसरचा एका बोर्डावरचा छोटा संगणक, पुण्याच्या बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत जुन्यात मिळालेला. त्यावर डेबियन या लिनक्स वितरणाची आर्मएचएफ आवृत्ती आहे, आणि हा प्रोग्रॅम मला फक्त बायनरी, म्हणजे यंत्राला थेट कळणाऱ्या, स्वरूपात मिळाला आहे. त्याचा सोर्स, म्हणजे माणसाने लिहिलेला मूळ कोड, कोणाकडेच उरलेला नाही. यादी काढली की फाइल दिसते, ती चालवण्याची परवानगीही आहे; तरीही चालवायला गेले की ‘अशी फाइल नाही’ असे उत्तर येते.

हरवलेली फाइल ही नव्हेच. रीडएल्फ या बायनरी तपासणाऱ्या साधनाने आत डोकावले, की प्रोग्रॅम ‘एलडी-लिनक्स डॉट एसओ डॉट ३’ हा लोडर, म्हणजे त्याला लायब्ररींसह मेमरीत चढवणारा प्रोग्रॅम, मागताना दिसतो. या बोर्डावरच्या लोडरच्या नावात मात्र ‘आर्मएचएफ’ आहे, म्हणजे ‘नाही’ म्हटले जाते ते या मागितलेल्या लोडरला. ही वेगळी नावे २०१२ मध्ये वितरणांनी आपसांत ठरवून घेतली, आणि ती मुद्दाम वेगळी ठेवली.

कारण असे. हा प्रोग्रॅम ज्या जुन्या, म्हणजे आर्मएल, पद्धतीचा आहे, तीत दशांश संख्या फंक्शनला देताना ती आर-शून्य, आर-एक अशा साध्या रजिस्टरांतून, म्हणजे प्रोसेसरमधल्या छोट्या कप्प्यांतून, जाते. आर्मएचएफमध्ये ती फ्लोटिंग पॉइंट युनिटच्या, म्हणजे दशांश गणिते करणाऱ्या भागाच्या, डी-शून्य या रजिस्टरमध्ये ठेवतात. नाव जुळवून हा प्रोग्रॅम कसाबसा चालवलाच, तर तो ‘पॉव’ या घात काढणाऱ्या फंक्शनला आकडे एका खिशात ठेवून देईल आणि लायब्ररी दुसराच खिसा चाचपेल. उत्तर चुकेल, पण प्रोग्रॅम थांबणार नाही. गंमत म्हणजे छपाईचे ‘प्रिंटएफ’ हे फंक्शन तो चुकीचा आकडा बिनचूक छापेल, कारण ज्या फंक्शनांच्या आर्ग्युमेंटांची, म्हणजे त्यांना दिल्या जाणाऱ्या मूल्यांची, संख्या ठरलेली नसते, त्यांना आर्मएचएफमध्येही साधीच रजिस्टरे वापरावी लागतात.

प्रोसेसरमध्ये फ्लोटिंग पॉइंट युनिट आहे की नाही, हा इथे प्रश्नच नाही. जीसीसी या कंपायलरचा ‘सॉफ्टएफपी’ पर्याय ते युनिट वापरतो, पण आकडे जुन्याच वाटेने पाठवतो, म्हणून तो आर्मएलशी जुळतो. उलट, पहिल्या रास्पबेरी पाय या छोट्या संगणकासाठीचे रास्पबियन हे लिनक्स वितरण आर्मएचएफच म्हणवते, पण ते एआरएमव्ही६ या जुन्या प्रोसेसर-पिढीसाठी बांधलेले आहे. डेबियनच्या आर्मएचएफला एआरएमव्ही७ लागतो. त्यामुळे डेबियनचे पॅकेज त्या पायवर ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’ म्हणून, म्हणजे प्रोसेसरला न कळणारी आज्ञा आल्याने, कोसळू शकते. चौसष्ट बिटांच्या एआरएमवरील लिनक्स वितरणांत ही दुफळी नाही.

आता डीपीकेजी या डेबियनच्या पॅकेज बसवणाऱ्या साधनाला आर्मएल हे जादा आर्किटेक्चर सांगतो, आणि त्याची सी लायब्ररी, जिच्यासोबत मागितलेला लोडरही येतो, शेजारी बसवतो. ही पाहा, तीच फाइल चालू झाली.