मॅग्नेटो आणि ती पाणबुडी

नमस्कार मंडळी, आज बोलायचंय सुपरहिरो कॉमिक्सबद्दल, पण हिरोंबद्दल नाही हां, हिरो सगळ्यांना पाठ आहेत, आज व्हिलनबद्दल. व्हिलनलाही मन असतं असं दाखवणाऱ्या कॉमिक्सबद्दल.

आधी एक गोष्ट पटकन सांगतो. १९५४ मध्ये अमेरिकेत कॉमिक्स कोड आला, म्हणजे कॉमिक्स प्रकाशकांनी स्वतःवर घालून घेतलेली नियमावली, आणि त्यात चक्क नियमच होता की गुन्हेगाराबद्दल वाचकाला सहानुभूती वाटेल असं काही दाखवायचं नाही. आता असा नियम डोक्यावर असताना व्हिलनच्या मनात कोण डोकावणार! १९७१ मध्ये तो जरा सैल झाला, आणि मग मजा सुरू झाली.

आता माझा आवडता किस्सा. मॅग्नेटो. धातू हवेत उचलणारा, एक्स-मेन नावाच्या सुपरहिरोंच्या टीमचा जुना दुश्मन. स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी १९६३ ला एक्स-मेनच्या पहिल्याच अंकात त्याला आणला, तेव्हा तो नुसता ओरडायचा, जग जिंकायचं म्हणायचा, का जिंकायचं ते विचारू नका. मग लेखक म्हणून आला ख्रिस क्लेअरमाँट, आणि १९८१ मध्ये १५० नंबरचा अंक आला. (तेव्हा १५० म्हणजे १५०च असायचं हो, हल्ली उठसूट परत एक नंबरपासून सुरू करतात, मध्येच वाचायला घेणाऱ्याचं डोकं फिरतं.)

तर या अंकात मॅग्नेटो जगाला दम देतो, अण्वस्त्रं मोडीत काढा. आता मागणी काय वाईट आहे का? पण त्याच्यावर एक रशियन पाणबुडी क्षेपणास्त्रं सोडते आणि हा चिडून ती पाणबुडी बुडवतो, आतल्या खलाशांसकट. ही पाणबुडी लक्षात ठेवा बरं का, पाणबुडी.

मग एक्स-मेन त्याच्या बेटावर येतात, मारामारी होते, आणि त्यात असते किटी प्राइड, भिंतीतून आरपार जाणारी, टीममधली सगळ्यात लहान, अजून शाळकरी पोर. ती त्याचं मशीन बिघडवायला जाते आणि हा रागाच्या भरात तिला असा तडाखा देतो की ती कोसळते. हालचाल नाही. हा जवळ जातो, तिला उचलतो, आणि तेव्हा कुठे त्याला दिसतं की अरे हे तर लहान मूल आहे. आणि तिथे पहिल्यांदा कळतं की हा माणूस स्वतः लहानपणी नाझींच्या ऑश्वित्झ छळछावणीत होता, त्याच्या घरच्यांना मारायला नेलेलं त्याने बघितलंय. ज्यांच्या लेखी आपल्या जिवाची किंमत शून्य होती त्यांच्यासारखेच आपण झालो, हे त्याला त्या पोरीला हातात धरून कळतं. अठरा वर्षं नुसता ओरडणारा माणूस, आणि एका पानात सगळं बदललं! किटी वाचते, काळजी नको. तो मात्र लढाई तिथेच सोडून निघून जातो.

आता इथे एखाद्या आळशी लेखकाने काय केलं असतं, बिचारा सोसलंय त्याने म्हणून सोडून दिलं असतं. क्लेअरमाँटने नाही सोडला. १९८५ ला २००व्या अंकात मॅग्नेटोवर पॅरिसमध्ये खटला चालतो, आणि तिथे परत काय निघतं? पाणबुडी! ते खलाशी. भूतकाळ दुःखाचा आहे हे खरं, आणि पाणबुडी बुडवली हेही खरं, दोन्ही एकत्र. निकाल लागायच्या आधीच कोर्टावर हल्ला होतो, म्हणजे सुटलाही नाही आणि शिक्षाही नाही, मला हे फार आवडतं. सध्या प्रत्येक व्हिलनला एक मेलेली आई नाहीतर मेलेली बायको चिकटवतात आणि काम झालं समजतात, ते मला नाही पटत.

याच्या उलट लेखक अ‍ॅलन मूरचा जोकर घ्या, बॅटमॅनचा दुश्मन, १९८८ चा, ब्रायन बोलंडची चित्रं. तिथे जोकरचा भूतकाळ दिसतो, अपयशी विनोदवीर, बायको गेलेली, आणि आपल्याला वाईट वाटायला लागलं की जोकरच म्हणतो, मला तो कधी असा आठवतो कधी तसा. म्हणजे खरं काय कुणास ठाऊक! त्याचं म्हणणं, एका वाईट दिवसात कुणीही वेडा होतो, आणि ते सिद्ध करायला तो पोलीस कमिशनर गॉर्डनचे भयंकर हाल करतो. आणि सुटल्यावर गॉर्डन बॅटमॅनला काय सांगतो? त्याला पकड, पण कायद्याने पकड. म्हणजे गॉर्डन काही वेडा झाला नाही!