उन्हात टिकलेला आंबटपणा

मंडळी, स्वस्त पण चांगली पांढरी वाईन कोणती, असं कुणी विचारलं की मी पिकपूलचं नाव घेतो. हे द्राक्षाचं नाव. फ्रान्सच्या दक्षिणेला, लांगदॉकमध्ये, सेत बंदराला लागून थो नावाचं खाऱ्या पाण्याचं मोठं सरोवर आहे. ते आणि भूमध्य समुद्र यांच्यामध्ये वाळूची एक चिंचोळी पट्टी. सरोवराच्या वरच्या अंगाला पिने, मेझ, पोमेरोल अशा सहा गावांच्या शिवारात हे द्राक्ष पिकतं. 'पिकपूल द पिने' हे नाव त्याच शिवारातल्या वाईनला लावता येतं; 2013 पासून तिला स्वतंत्र भौगोलिक मानांकन आहे.

नावाचा अर्थ 'ओठाला झोंबणारं' असा सांगतात, आणि पहिल्या घोटातच तो पटतो. लिंबाची साल, कच्चं सफरचंद, शेवटी किंचित खारट चव.

आता, एवढ्या उन्हात हा आंबटपणा टिकतो कसा? कडक उन्हात द्राक्षात साखर भराभर चढते, आम्ल उतरतं आणि वाईन सपक होते. पिकपूल उशिरा पिकतं आणि पिकल्यावरही आंबट राहतं. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्याचीही मदत होते. बरेच शेतकरी रात्री यंत्राने तोडणी करतात, म्हणजे द्राक्षं थंडच टाकीपर्यंत पोचतात. स्टीलच्या टाकीत कमी तापमानाला आंबवायचं, लाकडी पिंपांचा खर्च नाही, वर्षानुवर्षं मुरवणं नाही. फ्रान्समध्ये ही बाटली बहुधा दहा युरोंच्या आत मिळते. आपल्याकडे आयातकर लागला की हे गणित बिघडतं, म्हणून परदेशी जाणाऱ्यांनी ती तिथेच प्यावी.

स्वस्ताईला इतिहासही आहे, आणि तो वेदनेचा आहे. लांगदॉक दीर्घकाळ घाऊक वाईनचा प्रांत होता. भाव कोसळले, साखर घालून केलेल्या बनावट वाईनने बाजार भरला, तेव्हा 1907 मध्ये लाखो शेतकरी रस्त्यावर उतरले. नार्बोनमध्ये सैनिकांच्या गोळीबारात माणसं मेली. सहकाराची वाट त्याआधीच सुरू झाली होती: मारोसां गावच्या शेतकऱ्यांनी 1901 मध्ये स्वतःची संस्था काढली. साखर कारखान्यांच्या प्रदेशातून आलेल्या आपल्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. पिकपूलचा मोठा वाटा आजही सहकारी संस्थाच करतात. पण घाऊक मालाचा जुना शिक्का पुसायला वेळ लागतो, आणि तोवर दर्जाच्या मानाने किंमत कमी राहते. मला हा त्या शेतकऱ्यांवरचा अन्याय वाटतो.

थो सरोवरात कालवांची, म्हणजे ऑयस्टरची, शेती होते. काठावरच्या बुझिग गावची कालवं आणि पिकपूल ही तिथली रोजची जोडी. कच्च्या कालवावर लिंबू पिळतात ना, तेच काम ही वाईन करते. आपल्याकडच्या रवा लावून तळलेल्या बोंबलाबरोबर मी ती घेतली आहे. तेलकटपणा ती लख्ख धुऊन काढते. नारळाच्या दाट रश्शाबरोबर मात्र ती मला कडक लागते.

पिकपूल आवडली तर पुढे नार्बोनजवळच्या ला क्लाप टेकड्यांवरची बूरबूलांक द्राक्षाची वाईन शोधा. ती अंगाने भारी आणि थोडी महाग, पण समुद्राची चव तीच.

पिकपूल साठवून ठेवू नका, दोन वर्षांच्या आत संपवा. आणि फ्रिजमधून काढल्यावर दहा-पंधरा मिनिटं थांबा. बर्फासारखी गार असेल तर फक्त आंबट लागते, लिंबाच्या सालीचा वास येतच नाही.