पहिली एसटी, रिकामं पोट आणि रात्रीचा चहा

कार्यक्रमाच्या पत्रिकेवर विषय छापलाय ‘आहार, व्यसनं आणि विद्यार्थ्यांचं मानसिक आरोग्य’. वाचून वाटतं, तीन विषय आहेत, तीन वेगळे वक्ते हवेत. पण एखाद्या विद्यार्थ्याचा एक दिवस घड्याळ समोर ठेवून लिहून काढा, म्हणजे तिन्हींची गाठ कुठे बसते ते दिसेल.

लांज्याकडच्या एखाद्या वाडीवरून रत्नागिरीला कॉलेजला येणारी मुलगी घ्या. पहाटे पाचला उठायचं, कपभर चहा घशाखाली घालायचा आणि पावणेसहाची एसटी गाठायची. साडेसातला पहिला तास. पोटात पहिला घास जातो साडेदहाच्या सुट्टीत, तोही वडापाव आणि त्याच्यासोबत पुन्हा चहा. होस्टेलवरच्या मुलाचं घड्याळ उलटं चालतं. रात्री अकराला जर्नल पुरं करायला एनर्जी ड्रिंकचा कॅन, तीनला झोप, नऊला जाग. मेसची न्याहारी साडेआठला संपलेली. मग टपरी, चहा, सिगारेट, आणि पहिलं अन्न दुपारी दीडला. आदल्या रात्री नऊला जेवला होता म्हणजे साडेसोळा तास झाले.

आता या मुलाला साडेदहाच्या तासाला काय होतं ते बघा. छातीत धडधड, तळव्याला घाम, बोटांना कंप, लक्ष लागत नाही, उगाच भीती वाटते. निरोगी तरुणाची रक्तातली साखर उपाशीपोटी सहसा धोक्याइतकी उतरत नाही, यकृत ती सांभाळून घेतं. पण कॅफीन आणि निकोटिन ही दोन्ही अ‍ॅड्रेनालिन वाढवणारी द्रव्यं, आणि ती पडली रिकाम्या पोटात, अपुऱ्या झोपेवर. घाबरण्याचा झटका येतो तेव्हाची लक्षणं आणि ही लक्षणं यादी म्हणून शेजारी ठेवली तर वेगळी ओळखू येत नाहीत. मुलगा मोबाइलवर शोधतो आणि स्वतःला ‘अँक्झायटी’चं लेबल लावतो. कधी ते खरंही असतं. म्हणूनच आधी घड्याळ दुरुस्त करून बघायचं आणि काय उरतं ते डॉक्टरांना दाखवायचं. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. ‘काय खातोस’ याच्या आधी ‘कधी खातोस, आणि त्याच्या आधी काय घेतोस’ हे विचारा.

इथे एक इशारा. ‘मासे खा, नैराश्य जाईल’ अशा मथळ्यांवर भरवसा ठेवू नका. आहार बदलून नैराश्य कमी होतं का, याची नीट चाचणी ऑस्ट्रेलियात झाली, 2017 साली प्रसिद्ध झाली. 67 प्रौढ, सगळ्यांना मध्यम ते तीव्र नैराश्य. निम्म्यांना 12 आठवडे आहारतज्ज्ञ भेटले. डाळी-कडधान्यं, भाज्या, मासे, तेलबिया वाढवल्या, गोड आणि तळलेलं कमी केलं. बाकीच्यांना तितकाच वेळ कुणीतरी गप्पा मारायला, सोबत करायला दिलं. आहाराच्या गटात सुमारे 32 टक्के नैराश्यातून बाहेर आले, सोबतीच्या गटात 8 टक्के. आकडा बोलका आहे, पण माणसं थोडी होती आणि त्यांतल्या बहुतेकांची औषधं किंवा समुपदेशन चालूच होतं. म्हणजे आहार उपचाराच्या जोडीला आला होता, उपचाराच्या जागी नव्हे. उलट अमेरिकेत 50 वर्षांवरच्या 18 हजारांहून जास्त लोकांना काही वर्षं रोज माशाच्या तेलाची गोळी दिली, 2021 मध्ये निकाल आला, आणि नैराश्य टळलं नाही. तेव्हा कॅप्सूलची डबी घेऊ नका, त्या पैशांत बांगडा घ्या. त्यात गोळीतलं ओमेगा-3 आहेच, शिवाय प्रथिनं आहेत, बी-12 जीवनसत्त्व आहे आणि जेवल्याचं समाधान आहे.

दुसरंही लक्षात ठेवा, बाण दोन्ही दिशांनी जातो. मन खचलेला मुलगा मेसमध्ये जात नाही, चार लोकांत बसून जेवणं त्याला जड जातं, खोलीत बिस्किटांचे पुडे साठतात. मेसच्या रजिस्टरवर सलग पाच-सहा खाडे दिसले तर ते कुणीतरी बघायला हवं. मेस चालवणाऱ्या मावशींना हे रेक्टरच्या आधी कळतं, पण त्यांना कुणी विचारत नाही.

कोकणातल्या ताटात मुळात कमी काही नाही. बांगडा, तारली, कुळथाची पिठी, नाचणीची भाकरी, काळ्या वाटाण्याची उसळ. 55 किलोच्या माणसाला दिवसाला साधारण 45 ग्रॅम प्रथिनं लागतात. शंभर ग्रॅम बांगड्यात 19-20, दोन अंड्यांत 12, मूठभर म्हणजे 30 ग्रॅम शेंगदाण्यांत 7-8, तीन चमचे कुळथाच्या पिठात 6-7. गणित अवघड नाही. अडतं ते हंगामात. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद, आणि नेमकं त्याच वेळी कॉलेज सुरू होतं. नवी मुलं, नवी खोली, धो-धो पाऊस, आणि मेसमध्ये बटाट्याचा रस्सा नि भात. पुढे श्रावण. म्हणजे वर्षाचे पहिले अडीच-तीन महिने प्रथिनांची बोंब. घरच्या बायका हे जाणून मे महिन्यातच सुकट, सोडे, सुका बांगडा भरून ठेवायच्या. मेसच्या कंत्राटात हे कुणी लिहीत नाही. जूनपासून आठवड्यातून चार दिवस अंडी किंवा उसळ असं एक वाक्य कंत्राटात घातलं तर फार बिघडणार नाही.

पेजेबद्दल थोडं. उकड्या तांदळाची पेज सकाळी पोटात जाणं हे चहा-बिस्किटापेक्षा केव्हाही बरं. पण नुसती पेज आणि खारातली मिरची म्हणजे पिष्टमय आणि मीठ. दोन तासांत पुन्हा भूक. सोबत सुक्या बांगड्याचा तुकडा, उसळ किंवा अंडं हवं. होस्टेलवर शेगडी चालत नाही, तिथे रात्री भिजवलेले मूग, शेंगदाणे-गूळ आणि दोन केळी. एसटी गाठायची असेल तर हेच डब्यात टाकून गाडीत खा. नियम एकच: उठल्यापासून तासाभरात खायचं, आणि चहा त्याच्यानंतर.

नंतर म्हणजे लगेच नव्हे, निदान तासाभराने. चहातले टॅनिन भाजी-धान्यातलं लोह शोषू देत नाहीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54.2 टक्के स्त्रिया रक्तक्षयी निघाल्या. हिमोग्लोबिन नऊवर आलेली मुलगी दिवसभर थकलेली, चिडचिडी, अभ्यासात मंद असणारच, आणि तिला सगळे ‘उदास’ म्हणतात. समुपदेशनाच्या बरोबरीने तीन तपासण्या मागा: हिमोग्लोबिन, बी-12, थायरॉइड. बी-12 वनस्पतीत नसतं, म्हणून घरात मासे-अंडी नसतील त्यांनी ती तपासणी टाळू नये.

आता कॅफीन. कटिंगमध्ये साधारण 20 ते 30 मिलिग्रॅम, अडीचशे मिलीच्या एनर्जी ड्रिंकमध्ये 70 ते 80, कपभर कडक कॉफीत त्याहूनही जास्त. निरोगी प्रौढाला दिवसाला 400 पर्यंत चालतं म्हणतात. मात्र घोळ प्रमाणापेक्षा वेळेचा जास्त आहे. कॅफीन रक्तातून निम्मं व्हायला सुमारे पाच तास लागतात. अकराच्या कॅनचा निम्मा भाग पहाटे चारला अंगात असतो. दुपारी तीननंतर बंद, एवढं पाळलं तरी आठवड्यात फरक कळतो. एकदम तोडू नका. बारा ते चोवीस तासांत डोकं ठणकायला लागतं आणि आठवडाभर ठणकू शकतं. दर तीन दिवसांनी चौथाई कमी करा.

तंबाखूकडे जरा सावकाश बघू, कारण सगळ्यांत जास्त गैरसमज इथे आहेत. ‘टेन्शन आलं की तंबाखूचा बार भरतो, बरं वाटतं.’ बरं वाटतं हे खरंच. निकोटिन दर दोन तासांनी रक्तात निम्मं होत जातं, उतरायला लागलं की चिडचिड, अस्वस्थता, लक्ष उडणं सुरू होतं. पुढचा बार त्यावरच उतारा असतो. मूळ टेन्शन जागच्या जागी राहतं, वर हे दुसरं येऊन बसतं. तंबाखू मळताना चुना का लावतात? चुन्याने अल्कता वाढते आणि निकोटिन गालाच्या आतल्या त्वचेतून भराभर रक्तात जातं. पुडी तीच, पण पकड घट्ट. सिगारेटला नाकं मुरडणारी घरं मिश्रीकडे काणाडोळा करतात, त्यांनी हे ऐकून ठेवावं. निकोटिन भूक मारतं, म्हणून न्याहारी चुकणं आणि बार भरणं एकमेकांना धरून राहतात.

सोडताना काय चुकतं? पहिली चूक मुहूर्ताची. त्रास पहिल्या तीन दिवसांत शिगेला जातो आणि दोन ते चार आठवडे रेंगाळतो. परीक्षेच्या आठवड्यात सोडणारा हमखास परत धरतो. गणपतीला घरी जाल तेव्हा सोडा, टपरीही लांब असते. दुसरी चूक निकोटिन गमची. 2 मिलिग्रॅमची गम लोक बबलगमसारखी चघळतात. निकोटिन लाळेतून पोटात जातं, उचक्या लागतात, जळजळ होते, आणि ‘मला नाही झेपली’ म्हणून फेकतात. हळू चावायची, तिखट झिणझिण्या आल्या की गालात ठेवून द्यायची, झिणझिण्या ओसरल्या की पुन्हा दोन-चारदा चावायची. असा अर्धा तास. बार ठेवायची सवय असलेल्याला हे खरं तर लवकर जमावं. गमच्या आधी पंधरा मिनिटं चहा, कोकम सरबत, सोलकढी काही नको. आंबटपणाने निकोटिन शोषलं जात नाही.

तिसरी चूक कुणाच्या ध्यानातच येत नाही. सिगारेटच्या धुरातली द्रव्यं यकृताला कॅफीन लवकर जाळायला लावतात. धूर बंद झाला की तेवढाच चहा अंगात दुप्पट वेळ राहू शकतो. मुलाला वाटतं सिगारेट सोडल्यामुळे धडधडतंय, असतं कॅफीन. ज्या दिवशी सिगारेट सोडाल त्या दिवसापासून चहा-कॉफी निम्मी करा. तंबाखू खाणाऱ्याला हे लागू नाही, कारण तिथे धूर नाही.

दारूचं माप पेगांत मोजू नका, ग्रॅममध्ये मोजा. दहा ग्रॅम मद्यार्क म्हणजे एक एकक. 42.8 टक्क्यांची व्हिस्की-रम साठ मिली, म्हणजे एक लार्ज पेग, दोन एककं. एक क्वार्टर, 180 मिली, म्हणजे सहा. आठ टक्क्यांची स्ट्राँग बिअरची 650 मिलीची बाटली चार एककं, म्हणजे ‘नुसती बिअर’ ही दोन लार्ज पेगांएवढी. शरीर तासाला साधारण एक एकक निकाली काढतं. रात्री अकराला क्वार्टर संपवली तर हिशेब पहाटे पाचपर्यंत चालतो. झोप लवकर लागते खरी, पण उत्तररात्री तुटत राहते, स्वप्नांची झोप कमी होते, आणि सकाळी विनाकारण काळजी दाटून येते. मग पुन्हा चहा, पुन्हा रिकामं पोट. कायद्याने महाराष्ट्रात बिअरला 21 आणि कडक दारूला 25 वर्षं पूर्ण लागतात, गोव्यात 18. बांद्यापलीकडे, म्हणजे गोव्यात, गेलं की वय सात वर्षांनी वाढतं, असं सिंधुदुर्गातली मुलं हसून सांगतात. हसण्यासारखं फारसं नाही, परतीचा रस्ता दुचाकीवरून असतो.

एक धोका मात्र स्पष्ट सांगतो. रोज भरपूर पिणाऱ्याने कुणाच्या शपथेपायी एका रात्रीत सोडू नये. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, दोन-तीन दिवसांनी भ्रम होऊ शकतो, आणि त्यात जीव जातो. तिथे डॉक्टर हवा, आणि बी-1 जीवनसत्त्वही.

गांजाबद्दल थोडक्यात. घरात कुणाला स्किझोफ्रेनिया किंवा तसा आजार असेल तर त्या मुलाने एकदाही प्रयोग करू नये. रोज ओढणाऱ्यांत मनोविकृतीचा धोका काही पटींनी जास्त आढळला आहे. सोडल्यावर आठवडा-दोन आठवडे झोप आणि भूक जाते, ते आधी माहीत असलं तर घाबरायला होत नाही. ‘एमडी’ (मेफेड्रोन ही नशेची पावडर) आणि झोपेची ‘बटणं’ (गोळ्या) यांना घरगुती उपाय नाही. आणि पोलिसांच्या भीतीने उपचार टाळू नका. 1985 च्या अमली पदार्थ कायद्यातल्या कलम 64-अ नुसार स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचाराला येणाऱ्या व्यसनी माणसाला सेवनाच्या किंवा अल्प मात्रेच्या गुन्ह्यात खटल्यापासून संरक्षण मिळतं. रेक्टरांनी हे वाचून ठेवावं, मुलाला काढून टाकण्याच्या आधी.

उद्यापासून काय करायचं, तर वहीचा एक कागद घ्या. पाच रकाने आखा: उठलो किती वाजता, पहिला घास किती वाजता, शेवटचा चहा किंवा कॉफी, तंबाखू-सिगारेट-दारू किती वेळा, झोपलो किती वाजता. खाली मन कसं होतं याला शून्य ते दहा गुण. चौदा दिवस. पहिला आठवडा काहीही न बदलता, दुसऱ्या आठवड्यात फक्त न्याहारी आधी आणि तीननंतर चहा बंद. गुण हलले नाहीत तर डॉक्टरांकडे जा. मधेच जगण्यावरचं मन उडालं, तर चौदा दिवस पुरे व्हायची वाट बघू नका. 14416 हा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. व्यसनासाठी 14446, तंबाखूसाठी 1800-11-2356. डॉक्टरकडे जाल तेव्हा हा कागद आणि चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटं सोबत न्या. ओपीडीत मिळणारी दहा मिनिटं बहुतेक वेळा हीच माहिती विचारण्यात जातात.