घराचा उतारा

नमस्कार श्रोते हो.

कोल्हापुरात शिवाजी पेठेत आमचं जुनं घर आहे. मातीच्या रुंद भिंती, वर कौलं, मधे चौक. "सात पिढ्यांचं घर" असं आजोबा पाव्हण्यांना सांगायचे आणि सांगताना चौकट थोपटायचे. दुरुस्तीला कर्ज काढायचं ठरलं, बँकेनं कागद मागितले, आणि त्या सात पिढ्या मोजायची पाळी आमच्यावर आली.

सुरुवात सिटी सर्व्हेच्या मालमत्ता पत्रकापासून केली. शेताला सातबारा तसं शहरातल्या घराला हे पत्रक. सगळे त्याला प्रॉपर्टी कार्डच म्हणतात. वर नंबर, क्षेत्र, मूळ धारक. खाली तारीख, व्यवहार, नवीन धारक, पट्टेदार किंवा भार. भार म्हणजे बोजा. आजोबांच्या नावापुढं एक बोजा चढला होता, तो उतरायला अकरा वर्षं लागली होती. त्या अकरा वर्षांत आजीनं काय काय मोडलं असेल, ते लिहायला पत्रकात रकाना नाही.

त्याच्या मागं जायचं तर जुने दस्त बघावे लागतात. कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं 1 मार्च 1949 ला. त्याआधीचे कागद संस्थानी अमलातले, आणि जुने असले की बहुधा मोडीत. आमच्या ट्रंकेतही तसा एक निघाला. मोडी जाणणाऱ्या गुरुजींनी आधी चतुःसीमा वाचली. घरांना नंबर नव्हते तेव्हा शेजार हाच पत्ता. पूर्वेस बोळ, पश्चिमेस कासाराचं घर, उत्तरेस सरकारी रस्ता. कासार गेले, बोळ मात्र अजून तिथंच आहे, आता मोटारसायकलींनी भरलेला.

मग गुरुजी थांबले. म्हणाले, "अहो, ही मुदतखरेदी आहे."

मुदतखरेदी म्हणजे नावाला विक्री, पोटात कर्ज. पैसे घेणारा घर लिहून द्यायचा. मुदतीत पैसे परत केले तर घर परत, नाहीतर गेलं. आमच्या पणजोबांनी पैसे दिले होते. समोरच्याला मुदत पाळता आली नाही. पणजोबा, आजोबा, वडील, मी. सातच्या चार पिढ्या झाल्या. आणि चौकट थोपटायचा आमचा हक्क कुणाच्या तरी अडचणीतून आलेला. घरात दोन दिवस या विषयावर कुणी बोललं नाही.

तिसऱ्या दिवशी आत्ती आली. वय ऐंशीच्या पुढं. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ह्यात माझं नाव कुठं हाय रं?"

पत्रकावर नव्हतं. 1956 च्या हिंदू वारसा कायद्यानं वडिलांच्या मिळकतीत मुलीलाही वाटा दिला. आजोबा गेले 1973 ला, म्हणजे आत्तीचाही हिस्सा होता. पुढच्याच वर्षी हक्कसोडपत्र झालं. तेव्हा पेठेत घरोघरी हेच चालायचं. बहीण वाटा मागते म्हटलं की माहेर तुटलंच. तो दस्त काढला. "लिहून देणार" याखाली आत्तीचं नाव, बाजूला अंगठा. शाळा शिकलेली आत्ती, सही करता येत होती तिला. दस्तावर अंगठा लागतोच, पण सहीच्या जागीही अंगठाच होता.

"सही का नाही केलीस?" मी विचारलं.

"कुणी पेनच दिलं न्हाई," आत्ती म्हणाली. "साडी दिली. निळी हुती."