डमरूच्या आकाराचा छर्रा

(सारंगखेडा, तापीकाठ. संध्याकाळ. घोडेबाजाराकडून येणारी धूळ. समोर फुग्यांची फळी.)

दत्तजयंतीला सारंगखेड्यात लोक येतात ते एकमुखी दत्ताच्या दर्शनाला आणि घोडे बघायला. घोडा घ्यायची ऐपत नसलेले आपल्यासारखे लोक घोड्याचे दात मोजून झाले की पाळण्याकडे नाहीतर फुगे फोडायला वळतात. टेबलावर एक जुनी छर्‍याची बंदूक, समोर ओळीने फुगे, अंतर जेमतेम तीन मीटर. पाच छर्रे मारले, दोन फुगे फुटले. लगेच आरोप: "नळीच वाकडी आहे हो याची!"

स्टॉलवाले काका मान वर न करता म्हणतात, "बंदूक सरय शे भाऊ, तुमना हात हालस."

हे भांडण प्रत्येक जत्रेत होतं. निकाल मात्र कुणी लावत नाही. आपण लावू.

(तळहातावर छर्रा, अगदी जवळून.)

साडेचार मिलिमीटर जाडीचा, साधारण अर्धा ग्रॅम वजनाचा शिशाचा तुकडा. थेट डमरूच. फक्त एक बाजू भरीव आणि दुसरी पोकळ. पुढे डोकं, मध्ये बारीक कंबर, मागे घागर्‍यासारखा घेर. घेर इतका पातळ की नखाने दाबला तरी चेपतो.

वजन पुढे आणि वार्‍याची पकड मागे, हीच यातली करामत. उडताना छर्रा जरा तिरका झाला की हवा घेराला ढकलून त्याला पुन्हा रांगेत आणते. बॅडमिंटनचं फूल उलटं फेकून बघा. क्षणात बूच पुढे करून पडतं. सातपुड्यातला तीरकामठा बघा. टोकाला लोखंडी पातं, शेपटाला पिसं. एकच विद्या.

म्हणून नळीत आटे, म्हणजे आतल्या बाजूला कोरलेले पिळाचे चर, नसले, छर्‍याला गिरकी मिळाली नाही, तरी तो नाक पुढे ठेवूनच जातो. वेग कमी असला तरीही. हळू छर्‍याला हवा कमी जोराने सरळ करते, पण तेवढंच अंतर कापायला त्याला वेळही जास्त लागतो. हिशेब जुळतो.

मग गडबड कुठे आहे? नाक पुढे असणं वेगळं आणि सरळ जाणं वेगळं.

(डबा हलवतात. छर्‍यांचा खुळखुळ आवाज.)

ऐकलंत? शेकडो छर्रे एकमेकांवर आपटतायत. कुणाच्या ना कुणाच्या घेराला पोचा येणारच. आट्यांच्या नळीतून सुटलेला छर्रा फिरत जातो, त्यामुळे तो पोचा आता डावीकडे, मग वर, मग उजवीकडे; चूक चहूबाजूंना वाटली जाते. गुळगुळीत नळीतल्या छर्‍याचा पोचा मात्र सारा वेळ एकाच अंगाला. जोडीतला एक बैल अंग चोरत असेल तर गाडी कशी कडेला ओढते, तसा तो एकीकडे ओढत जातो.

गोल गोळीची गत आणखी वेगळी. तिला नाकच नाही, त्यामुळे कोलमडायचं भय नाही. पण नळीला घासून तिला कुठली तरी गिरकी मिळते आणि ती वळते. हे बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने अठराव्या शतकातच दाखवलं. त्याने बंदुकीची नळी तोंडाशी जराशी डावीकडे वाकवली. गोळी आधी डावीकडे गेली आणि पुढे उजवीकडे वळली! हा गृहस्थ पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत किल्ले बांधायला आपल्याकडे आला आणि १७५१ साली कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिडमध्ये वारला.

(टेबलापासून फळीपर्यंत टेप धरलेली.)

आता काकांचा खटला. नळी गुळगुळीत आहे असं समजू आणि थकलेल्या स्प्रिंगच्या बंदुकीतून सुटलेल्या छर्‍याचा वेग सेकंदाला १०० मीटर धरू. तीन मीटर जायला लागतात ०.०३ सेकंद. तेवढ्यात छर्रा खाली येतो चार-साडेचार मिलिमीटर. पोच्यामुळे बाजूलाही तेवढाच सरकला असं समजा. फुगा केवढा असतो? अर्धवट फुगवलेला असला तरी मुठीएवढा. म्हणजे या अंतरावर गुळगुळीत नळी निर्दोष.

दहा मीटरवर जा, चित्र पालटतं. अंतर सव्वातीन पटीहून जास्त, सरकणं मात्र अंतराच्या वर्गाने वाढतं, म्हणजे अकरा पट. चार मिलिमीटरचे साडेचार सेंटीमीटर होतात. आणि एक गंमत: वेग अर्धा केला तर खाली पडणं चौपट होतं, पण पोच्यामुळे बाजूला सरकणं जवळपास तितकंच राहतं, कारण हवेचा ढकलण्याचा जोरही वेगाबरोबर घटतो. मंद बंदूक आडवी भरकटवते ही समजूत म्हणून तितकीशी खरी नाही.

मंदपणा नडतो तो नळीच्या आत. चाळीस सेंटीमीटरची नळी, आतला सरासरी वेग ५० मीटर धरला, तर छर्रा आठ मिलिसेकंद आतच असतो. त्याआधी स्प्रिंगने ढकललेला, हवा दाबणारा दट्ट्या पुढे धावायला लागतो तो वेळ निराळा. चाप दाबला, स्प्रिंग सुटली, बंदुकीने धक्का दिला, आणि छर्रा अजून नळीतच आहे! तेवढ्यात फुटला का बघायला तुम्ही मान उचललीत, हात सैल सोडलात, की संपलं.

माशी, म्हणजे नळीच्या टोकावरची नेम धरायची खूण, थोडी वाकवलेली असते, हे काका हसत कबूल करतात. पण तीही एका मिलिमीटरने सरकलेली असली तर तीन मीटरवर सात-आठ मिलिमीटरचाच फरक पडतो.

"मारी दाखाडा ना काका," एक पोरगं म्हणतं.

काका डब्यातून छर्रा उचलतात, कंदिलासमोर धरून घेर बघतात, टाकून देतात. दुसरा घेतात. नळी सांध्यावर खाली वाकवून छर्रा भरतात. कोपर टेबलावर टेकवतात. फट्. फुगा गेला, पण बंदूक अजून तशीच खांद्याला, डोळा माशीवर. मग सावकाश खाली ठेवतात आणि पोराकडे हात पुढे करतात.

"दहा रुप्या."